तळघरातला छोटा पब : उतरण्याआधी काय बघावं, बसल्यावर काय मागवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात धरमपेठेच्या बाजूला एका जुन्या व्यापारी इमारतीच्या बेसमेंटमध्ये वीस-बावीस जण बसतील एवढाच पब आहे. चौघं मित्र-मैत्रिणी तिथे पहिल्यांदा जाणार आहेत. तिघं तिशीच्या आसपासची, एक जण तेवीस वर्षांचा. त्यातली एक मैत्रीण वर्ध्याहून येऊन त्याच रात्री परत जाणार. कधी जावं, कुठे बसावं, काय मागवावं, आणि तळघर म्हणून वेगळं काही बघावं लागतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. हो, वेगळं बघावं लागतं. तळघरात हवेला यायला आणि माणसांना बाहेर पडायला बहुतेक वेळा एकच वाट असते, ती म्हणजे जिना. अशा जागेत जी ऊब वाटते, बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही, चार टेबलांवरची माणसं एकाच घरातली असल्यासारखी बसतात, ते सगळं बंदिस्तपणामुळे मिळतं. जो काही त्रास होतो तोही त्यामुळेच. म्हणून पब चांगला की वाईट हे मेनूकार्डावरून ठरवू नका. जिना आणि हवा बघा.

हवेचा हिशेब सोपा आहे. १२ बाय २५ फुटांची, ९ फूट उंचीची खोली धरा. तिच्यात साधारण ७६ घनमीटर हवा मावते. बसलेला माणूस तासाला १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. पंचवीस माणसं धरली तर तासाला पावणेपाचशे लिटर. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतं. ताजी हवा अजिबात आत आली नाही, तर तासाभरात ते सहा हजारांच्या वर जाईल. हजाराच्या पुढे हवा कोंदट वाटू लागते, त्याहून बरंच वर गेलं की डोकं जड होतं, जांभया येतात. पुष्कळांना वाटतं की चढली. खरं तर बऱ्याचदा त्यात कोंडलेल्या हवेचाही हात असतो. जिना चढून पाच मिनिटं रस्त्यावर उभं राहिल्यावर डोकं हलकं झालं, तर कारण कळलंच.

इथे एक गैरसमज काढायला हवा. थंड लागणं आणि ताजी हवा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो, बाहेरची हवा आणत नाही. ताज्या हवेसाठी वेगळा डक्ट, म्हणजे हवेची नळी, किंवा हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो, आणि तो चालू असावा लागतो. तो तपासायला टेबलावरचा एक टिश्यू पेपर पुरतो. त्याचा एक पदर सोडवून एक्झॉस्टच्या जाळीजवळ धरा. कागद जाळीला चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. मग जिन्याच्या दारात तोच कागद धरा. दार जरासं उघडल्यावर कागद आतल्या बाजूला झुकला, तर बाहेरची हवा खाली येतेय. दोन्हीकडे कागद लोंबकळत राहिला, तर तासाभरापेक्षा जास्त बसायचा बेत करू नका.

नागपूरकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर, आणि घरात तो उत्तम चालतो, कारण खिडक्या उघड्या असतात. बेसमेंटमध्ये कूलर लावला की ओली हवा बाहेर जायला जागाच नसते. अर्ध्या तासात टेबलं चिकट होतात, मेनूकार्ड ओलसर लागतं, सोफ्याला कुबट वास येतो. उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच तसा वास आला आणि खाली कूलर घरघरत असेल, तर जागा बघून परत या. पावसाळ्यात हाच वास भिंतीच्या ओलीचा असतो. अशा वेळी भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग बघा. रंगाला फुगवटे आले असतील किंवा तेवढ्यातच नवं लाकडी पॅनेल मारलं असेल, तर मागे पाणी झिरपत असण्याची शक्यता मोठी.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा पावसात बेसमेंट सगळ्यात आधी भरतं. पायऱ्यांवरून पाण्याचा लोट यायला लागला की त्याविरुद्ध चढणं धडधाकट माणसालाही जड जातं, आणि वीज गेली की खालचा पंपही बंद पडतो. म्हणून हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिलेल्या संध्याकाळी तळघरात जाऊ नका. एरवी जाताना प्रवेशद्वाराचा उंबरा रस्त्यापेक्षा निदान दोन-तीन पायऱ्या वर आहे का, एवढं बघा. आधी वर चढून मग खाली उतरावं लागत असेल, तर बांधणाऱ्याने पाण्याचा विचार केलेला आहे.

आता जिना. आग लागली तर धूर वर जातो, आणि माणसांचीही वाट तीच. तळमजल्यावर असाल तर धूर डोक्यावरून निघून जातो. तळघरात मात्र तो नेमका ज्या जिन्याने सुटायचं त्याच जिन्यात चढतो. म्हणून दुसरा जिना किंवा दुसरं दार हवंच. बसल्याबरोबर वेटरला विचारा, “दादा, दुसरं दार कुठे निघतं?” नीट चालवलेल्या जागेत तो क्षणात हात करून दाखवेल. तो दुसऱ्याला विचारायला गेला, तर दार असूनही वापरात नाही असं समजा. मग स्वतः उठून बघा. कडीला कुलूप नको, पुढे बिअरचे क्रेट रचलेले नकोत, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आत उघडणाऱ्या दारावर माणसांची गर्दी रेटली की ते उघडतच नाही.

भिंती-छताला आवाज शोषायला काय लावलंय तेही बघा. मऊ, उघडा फोम असेल तर तो झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. दगडी, विटांची भिंत किंवा जाड कापडाखाली रॉकवूल, म्हणजे दगडी धाग्यांची न जळणारी लोकर, असेल तर बरं. फोमच्या खोलीत टेबलावर मेणबत्त्या किंवा वाढदिवसाच्या केकवर फुलबाजी दिसली, तर बिल मागवून निघा, इथे भीड बाळगू नका. मुंबईच्या कमला मिल परिसरात २९ डिसेंबर २०१७ ला लागलेल्या आगीत १४ जण गेले. ती जागा तळघरात नव्हती, गच्चीवर होती. तिथेही आसरा म्हणून स्वच्छतागृहात शिरलेली माणसं धुराने गुदमरली. म्हणून टॉयलेटकडे कधीच धावू नका. वाकून, नाकाला ओला रुमाल लावून, दारापर्यंत जा. मदतीसाठी १०१ किंवा ११२.

स्वयंपाकघर कुठे आहे, यावरून जागेचा मालक किती जबाबदार आहे ते कळतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो फरशीवर पसरतो, आणि तळघरातून बाहेर पडायला त्याला उतारच नसतो. एक ठिणगी पुरते. म्हणून गॅसचं सिलिंडर तळघरात नसायलाच हवं. चांगल्या छोट्या पबात भट्टी वरच्या मजल्यावर असते आणि पदार्थ खाली येतात, किंवा खाली फक्त इंडक्शन आणि ओव्हन असतो. त्यामुळे मेनू छोटा असणं ही चांगली खूण आहे. वीस जणांच्या बेसमेंटमध्ये ऐंशी पदार्थांची यादी आणि कढईतून ताजी भजी येत असतील, तर ती कढई कशावर आहे हे विचारा.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे ग्राहकाच्या बाजूने आहेत. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, आणि वेगळी स्मोकिंग रूम फक्त तीस किंवा त्याहून जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला करता येते. म्हणजे बावीस आसनांच्या पबात सिगारेट ओढायला अधिकृत जागा असूच शकत नाही. शेजारच्या टेबलावर कोणी पेटवली तर मॅनेजरला सांगायला कचरू नका, तिथली हवा सगळ्यांची एकच आहे. हुक्का पार्लरवरही राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

आता जायचं कधी. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेनऊ. एवढ्या छोट्या जागेत शनिवारी नऊनंतर बसणाऱ्यांपेक्षा उभे जास्त होतात, आणि वर केलेला हवेचा हिशेब दुप्पट माणसांचा होतो. फोन करून टेबल राखताना एक प्रश्न जरूर विचारा : “जागा भरल्यावर उभ्या माणसांना आत घेता का?” “नाही, वर थांबायला सांगतो,” असं उत्तर आलं तर मालकाला आपली जागा कळते. चौघं ही अशा पबसाठी अगदी योग्य संख्या आहे. आठ जण गेलात तर अर्धा पब तुमचा होतो आणि बाकीच्यांना तुमच्याच गप्पा ऐकाव्या लागतात. सहाच्या वर असाल तर दोन संध्याकाळी विभागून जा.

मे महिन्यात पाच-सहाला, ऊन असताना उतरणार असाल तर शेवटच्या पायरीवर कठडा धरून थोडं थांबा. ४५ अंशांच्या लख्ख उजेडातून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि अशा जुन्या इमारतींत शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा कमी-जास्त उंचीची असते. बहुतेक जण तिथेच अडखळतात. बसल्यावर आधी दोन ग्लास पाणी प्या. उन्हातून आलेल्या तहानेवर बिअर ओतली की ती पाण्यासारखी भराभर जाते, आणि लघवीवाटे शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

बसायचं कुठे? जिन्याच्या तोंडाशी नको, तिथे सतत ये-जा असते. अगदी आतल्या कोपऱ्यातही नको, तिथे हवा पोचत नाही. दार दिसेल, पण पाठीशी भिंत असेल अशी मधली जागा घ्या. स्पीकर डोक्यावर नसावा. छत बुटकं असलं की आवाज छत आणि फरशीच्या मध्ये आदळत राहतो. समोरच्याशी बोलताना ओरडावं लागत असेल तर आवाज कमी करायला सांगा, छोट्या पबात हे एका वाक्यात होतं. दोघंच असाल तर काउंटरच्या स्टुलावर बसा. तिथून पेला भरताना बघता येतो, आणि या जागेत येण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

ड्राफ्ट बिअर ओतताना बघा. चांगला बारमन आधी पेला थंड पाण्याने खंगाळतो. मग पेला तिरपा, साधारण ४५ अंशांत धरतो आणि नळ एका झटक्यात पूर्ण उघडतो. अर्धवट उघडलेला नळ नुसता फेस काढतो. पेला दोन-तृतीयांश भरला की सरळ करतो, आणि वर दोन बोटं फेस राहील असा थांबतो. नळाचं तोंड बिअरला लागू देत नाही, कारण तिथे चिकटलेली बिअर आंबते आणि पुढच्या प्रत्येक पेल्यात जाते. पेला हातात आल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बघा. बुडबुडे काचेला चिकटून बसले असतील तर पेल्यात तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. स्वच्छ पेल्यात बुडबुडे सरळ वर जातात, आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाची एक कड उरते. चव लोण्यासारखी किंवा व्हिनेगरसारखी आंबट लागली तर बिअर नळापर्यंत आणणारी नळी धुतलेली नाही. ती दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी. “लाइन कधी साफ केली?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, मनापासून काम करणाऱ्याला तो आवडतो.

नळ किती आहेत ते मोजा. ३० लिटरच्या केगमधून, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातून, ३३० मिलिलिटरचे नव्वदेक पेले निघतात. सहा नळ म्हणजे साडेपाचशे पेले. बावीस आसनांच्या पबात आडवारी चाळीस पेले खपले तरी सगळे केग संपायला दोन आठवडे लागतात, आणि कमी खपाचा केग त्याहून बराच जास्त राहतो. गाळलेली लागर तेवढं सहन करते, पण न गाळलेल्या गव्हाच्या बिअरचा लवंग-केळ्याचा वास उडून जातो. म्हणून छोट्या जागेत दोन-तीनच नळ असणं चांगलं. जास्त असतील तर “आज कोणता केग लावला?” विचारून तोच घ्या.

तळघर आपोआप थंड असतं, हाही समज युरोपातून आलेला आहे. जमिनीखाली काही मीटर खोल तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. इंग्लंडमध्ये ती सरासरी दहा अंशांच्या आसपास, म्हणून तिथल्या तळघरात पिपातली एल ही तिथली बिअर ११ ते १३ अंशांवर सहज टिकते. नागपूरची सरासरी सत्तावीसच्या आसपास आहे. वर ४५ असताना आपल्याला गारवा वाटतो, बिअरला नाही. तिला ३ ते ५ अंश लागतात, म्हणून केग शीतपेटीतच हवा. पहिला पेला सगळा फेसच आला, तर बहुधा नळीत गरम झालेली बिअर होती. ती फेकून दुसरा द्यायला सांगा. केग तुमच्या टेबलाशेजारी उघड्यावर असेल तर तिथे बसू नका. त्याला जोडलेल्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइडही हवेपेक्षा जड असतो, आणि गळला तर खालीच साचतो.

प्यायचं किती, याचं गणित पाठ असू द्या. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलिलिटरचा स्मॉल म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरचा ३३० चा पेला म्हणजे १३ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० ची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात चार स्मॉल. “मी फक्त एक बिअर घेतली” म्हणणारा बऱ्याचदा हीच बाटली घेतलेला असतो. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये पाच प्रकारची दारू असते, प्रत्येकी १५ मिलिलिटर धरली तरी तो अडीच स्मॉलचा ग्लास होतो. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम जाळतं, त्याहून वेगाने नाही. दोन-अडीच तासांच्या बैठकीत दोन पेले, मध्ये तेवढंच पाणी, हे प्रमाण बरोबर बसतं.

सोबत खायला शेंगदाणा मसाला, भाजलेले पापड, उकडलेलं अंडं, वरून आलेलं तंदूरचं काही घ्या. सावजी मटण मला जिवापाड आवडतं, पण ते इथे नको. तिखटामुळे घाईघाईने घोट घेतले जातात, बिअरची चव लागत नाही, आणि बंद खोलीत त्या मसाल्याचा वास दुसऱ्या दिवशीही कपड्यांत राहतो. सावजीसाठी वेगळी रात्र ठेवा.

तेवीस वर्षांच्या मित्राबद्दल : महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५. त्याने बिअरवर राहावं आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा. बिलात परमिटचे ५ रुपये दिसले तर बुचकळ्यात पडू नका, तो एका दिवसाचा मद्यपरवाना आहे. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. खाण्यावर साधारण ५ टक्के जीएसटी. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, लावलं असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस ठरलेले, निवडणूक आणि विसर्जनाच्या वेळचे वेगळे जाहीर होतात.

बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते, आणि नेमकं बिलाच्या वेळी यूपीआय फिरत बसतं. पैसे कापले गेले की नाही हेही कळत नाही. बसतानाच वाय-फाय विचारून घ्या, नाहीतर चौघांत मिळून रोख किंवा एक कार्ड ठेवा. घरी कळवायचं असेल तर उतरण्याआधी कळवा. टॅक्सी खाली बसून बोलावू नका. ठिकाण चुकीचं दाखवतं आणि चालकाचा फोन लागत नाही. बिल देऊन, वर येऊन, मोकळ्या हवेत पाच मिनिटं थांबून मग बोलवा. तोवर कोणाचा तोल जातोय तेही दिसतं, कारण पिणं जिना चढताना जाणवतं. एकाने पुढे आणि एकाने मागे राहून चढा.

गाडी घेऊन येऊच नका. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साठ-सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एक लार्ज, म्हणजे दोन स्मॉल, घेतला तरी ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. येताना मेट्रोने शंकरनगर किंवा एलएडी चौकाला उतरा. परतीची शेवटची मेट्रो लवकर सुटते, ती वेळ आधी बघून ठेवा.

वर्ध्याच्या ताईंनी सातलाच यावं, पहिला पेला आठच्या आत संपवावा, आणि परतीची रेल्वे पकडायला स्टेशनकडे निदान पाऊण तास आधी निघावं. सोबत बाटली घेऊ नये. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि पिशवीतली सीलबंद बाटलीसुद्धा तिथे गुन्हाच ठरते.